खुर्चीवर कोण बसलंय?

जुना स्टुडिओतला फोटो हातात आला की मी आधी चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघते. उभ्या माणसाच्या टाचांमागे, धोतराच्या काठाआड, पुष्कळदा लोखंडाची एक काळी बैठक डोकावत असते. ती खुर्चीचीही नसते आणि टेबलाचीही नसते. त्या माणसाच्या पाठीमागे एक लोखंडी दांडा उभा केलेला असायचा, त्याची ती बैठक. दांड्याच्या वरच्या टोकाला चिमटा असायचा आणि त्यात डोक्याची मागची बाजू टेकवलेली असायची. पुढून बघणाऱ्याला तो दिसू नये अशी काळजी घेतली जायची, पण खालची बैठक कुठे ना कुठे दिसून जायचीच.

हा दांडा माहीत झाला आणि जुन्या माणसांच्या कडक चेहऱ्यांबद्दलचं माझं मतच बदललं. ती माणसं रागीट नव्हती, घाबरलेलीही नव्हती. त्यांना हलायचं नव्हतं, एवढंच. स्टुडिओतल्या उजेडात काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागायचे. तेवढा वेळ हसू ओठांवर टिकत नाही. ते सुटतं, आणि सुटलं की तोंडाच्या जागी धुरकट डाग उरतो. म्हणून ओठ मिटायचे, नजर एका जागी लावायची आणि श्वास धरायचा. आज ज्याला आपण करारीपणा म्हणतो, त्यात थोडा वाटा या धरलेल्या श्वासाचाही आहे.

1839 साली पॅरिसमध्ये डागेर या फ्रेंच माणसाच्या फोटो काढण्याच्या शोधाची जाहीर घोषणा झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या वर्तमानपत्रांतून ती इकडे पोचली. पण ती पद्धत खर्चिक होती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र निघायचं, त्याची दुसरी प्रत नाही. खरा फरक पडला तो 1851 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत शोधल्यावर. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन चित्र बाहेर आणायचं. कोलोडियनमध्ये ईथर असतं आणि ते बघता बघता उडून जातं. वैशाखातल्या मुंबईत बंद खोलीत, काळ्या पडलेल्या बोटांनी हे काम करणाऱ्याचे काय हाल होत असतील! बाहेर गिऱ्हाईक मानेला चिमटा लावून खोळंबलेलं, आणि आत काच वाळायला लागलेली.

तरीही मुंबईच्या माणसांनी ही कला चटकन उचलली. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, ती हिंदुस्थानातली पहिली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. मूळचे गोव्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, शिलालेख वाचणारे, कुष्ठरोगावर औषध शोधणारे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि ते स्वतः फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तर फोटोग्राफीचा वर्गच निघाला होता. त्या वर्गातून शिकून बाहेर पडलेल्या हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. पोटापाण्यासाठी फोटोग्राफी करणाऱ्या अगदी पहिल्या हिंदी माणसांत त्यांची गणना होते. तो वर्ग निघाला तेव्हा 1857 अजून उजाडलेलंही नव्हतं, हे मला फार विलक्षण वाटतं. युरोपात नुकतंच पसरत असलेलं तंत्र इथली माणसं वर्गात बसून शिकत होती.

याच काळात दोन अगदी वेगळ्या तऱ्हेचे फोटो निघायला लागले. त्यांतला भेद कळल्याशिवाय स्टुडिओतल्या फोटोचं मोल कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पहिली तऱ्हा सरकारी आणि साहेबी अल्बमांची. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या जातीजमातींचे दोन खंड काढले, एक 1863 मध्ये आणि दुसरा 1866 मध्ये. त्यातली चित्रं निरखून बघितली की माणसं आणि त्यांच्या मागचा देखावा यांचा मेळ बसत नाही. सावल्या जुळत नाहीत, माणसांच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात. कारण माणसांचे फोटो वेगळे काढलेले आहेत, आणि मागची इमारत किंवा समुद्रकिनारा नंतर दुसऱ्या फोटोतून आणून जोडलेला आहे. पुढे 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, साडेचारशेहून अधिक फोटोंचे. उठाव होऊन गेल्यावर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखून ठेवायची होती. पानं उलटत गेलं की माणसामागून माणूस येतो, आणि खाली छापलेली असते त्याची जात, टोळी किंवा धंदा. बहुतेकांचं नाव नाही. सोबत त्या जातीच्या स्वभावाबद्दल चार ओळी, त्याही वर बसून लिहिलेल्या. फोटोतला माणूस तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बघतोय आणि त्याला नाव नाही, हे बघताना मला दरवेळी अपमान झाल्यासारखं वाटतं, त्याचाही आणि माझाही.

दुसरी तऱ्हा स्टुडिओची. इथे माणूस स्वतःच्या पायांनी जिना चढून यायचा, पैसे मोजायचा आणि आपण कसं दिसावं हे थोडंफार स्वतः ठरवायचा. पगडी कुठली घालायची, उपरणं कसं टाकायचं, हातात छत्री धरायची की पुस्तक, घड्याळाची साखळी दिसेल असा कोट किती उघडा ठेवायचा. मागच्या पडद्यावर विलायती बाग रंगवलेली असायची, बाजूला अर्धा खांब, तिवईवर फुलांची कुंडी. याला खोटेपणा म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तालुक्याच्या कचेरीतला कारकून इंग्रजी पुस्तकावर बोट ठेवून बसतो, तेव्हा तो आपल्या घरातल्या पुढच्या पिढ्यांना काहीतरी सांगत असतो. मला शिकायचं होतं, मी शिकलो, असं. राजेरजवाड्यांकडे चित्रकार होते. कारकुनाला, मास्तराला, दुकानदाराला आपला चेहरा मागे ठेवायची सोय पहिल्यांदा स्टुडिओने करून दिली.

ती परवडू लागली त्याला कारण झालं एका फ्रेंच माणसाचं डोकं. दिस्देरीने 1854 मध्ये एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेण्याची तऱ्हा काढली. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे हे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायचे. एका माणसाला सात-आठ प्रती मिळाल्या की त्या वाटता येतात, टपालाने पाठवता येतात, अल्बमात लावता येतात. पुढे 1866 च्या सुमारास कॅबिनेट आकार आला, साधारण तळहाताएवढा, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांमधून निघतात ते बहुतेक फोटो हेच. त्या पुठ्ठ्याची मागची बाजूही बघावी. स्टुडिओचं नाव वेलबुट्टीत छापलेलं, मिळालेल्या पदकांची चित्रं, आणि पुष्कळ कार्डांवर एक आश्वासन: निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील.

आणि कागद? तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा. 1850 पासून पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक फोटो ज्या कागदावर छापले गेले, त्याला अंड्याच्या बलकाचा थर दिलेला असायचा. त्यामुळे त्यावर तकाकी येते आणि काळाबरोबर पिवळसर झाकही येते. युरोपातल्या कारखान्यांत या कागदासाठी रोज हजारो अंडी फुटत. ज्या घरांत अंडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, त्या घरांत देवघराशेजारच्या भिंतीवर आजोबा याच थरावर विराजमान होते.

आता बायकांकडे वळते, कारण हा सगळा खटाटोप मी त्यांच्यासाठी मांडला आहे.

आमच्या घरात एक कॅबिनेट फोटो आहे. मधोमध खुर्चीवर पणजोबा, पागोटं आणि पांढरा अंगरखा. शेजारी दुसऱ्या खुर्चीवर त्यांचे थोरले भाऊ. मागे दोन बायका उभ्या आणि एक मुलगी पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली. उभ्या असलेल्यांपैकी डावीकडची माझी पणजी. तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर आहे, पण टेकलेला नाही, बोटं लाकडापासून किंचित वर धरलेली आहेत. नवऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा की नाही, याचा तिने त्या क्षणी काय विचार केला असेल, कोण जाणे! कदाचित फोटोग्राफरने सांगितलं म्हणून हात ठेवला, आणि मोठे दीर बसलेत म्हणून तो टेकवला नाही. थोरल्यांसमोर सुनेने खुर्चीवर बसायचं नाही, हा घराचा नियम स्टुडिओतही सोबत आलेला होता. पुढे सुधारकांच्या घरांतून नवराबायको शेजारी शेजारी दोन खुर्च्यांवर बसलेले फोटो दिसायला लागतात. ते बघताना दुसरी खुर्ची मांडायला किती बोलणी खावी लागली असतील, हे लक्षात ठेवावं.

पणजीच्या कपाळावरची कुंकवाची आडवी चिरी काळीभोर आहे. लहानपणी मला ती बुक्क्याची वाटायची. त्या काळच्या काचांना निळा उजेड चटकन कळायचा आणि लाल जवळजवळ कळायचाच नाही. म्हणून लाल कुंकू काळं, हळदीचा पिवळा रंग गडद आणि आकाशी निळं लुगडं मात्र पांढरंफटक. गव्हाळ माणूससुद्धा प्रत्यक्षात होता त्यापेक्षा सावळा उमटायचा. आपण आपल्या पूर्वजांचे जे रंग डोळ्यांसमोर धरतो, ते काचेने ठरवलेले आहेत. सगळे रंग नीट पकडणाऱ्या काचा विसाव्या शतकात आल्या. तोवर ज्यांना परवडत होतं ते फोटो मोठा करून त्यावर हाताने रंग भरून घ्यायचे. नथीवर सोनेरी ठिपके, ओठांवर गुलाबी छटा, आणि कुंकवाची चिरी पुन्हा लाल.

फोटोच्या मागे मोडीत दोन ओळी आहेत. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून त्या वाचून घेतल्या. दोन्ही पुरुषांची नावं वडिलांच्या नावासकट आणि गाव. बायकांबद्दल एवढंच की मंडळी सोबत आहेत. मुलीचा उल्लेखच नाही. हाताची बोटंसुद्धा मोजता येतील इतक्या जवळून कॅमेऱ्याने ज्यांना टिपलं, त्यांना त्यांच्याच घराने नाव दिलं नाही. म्हणूनच वर म्हटलेल्या दोन तऱ्हा मला पूर्णपणे वेगळ्या मानता येत नाहीत. साहेबाच्या अल्बमात माणसाला जात मिळाली, घरच्या अल्बमात बाईला नातं मिळालं.

आणि काही बायका तर कुठेच नाहीत. केशवपन केलेली आत्या किंवा काकू घरात असायचीच, स्वयंपाकघर तिच्याच जिवावर चालायचं, पण घरच्या एकत्रित फोटोत ती क्वचित सापडते. सापडलीच तर एका कडेला, पदर कपाळापर्यंत ओढलेला. स्टुडिओत जायचं म्हणजे नटायचं, आणि तिच्या नटण्यावर समाजाने बंदी घातलेली.

परक्या पुरुषासमोर चेहरा उघडा करून बसायचं, हीच मुळात मोठी अडचण होती. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आणि सगळी व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या बाईंकडे. पडद्यातल्या स्त्रिया तिथे निर्धास्तपणे येऊन फोटो काढून घेत. याच दीनदयाळांनी 1896 मध्ये मुंबईतही स्टुडिओ थाटला.

या सगळ्या पार्श्वभूमीवर एक फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फिया. तीन तरुण मुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात: जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली, आणि आपल्या आनंदीबाई जोशी. तिघी तिथल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. आनंदीबाई वीस वर्षांच्या. पुढच्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली आणि फेब्रुवारी 1887 मध्ये त्या गेल्यासुद्धा. त्या फोटोत त्या कुणाच्या मागे उभ्या नाहीत. खाली तिघींची नावं आहेत, गाव आहे, देश आहे. नावांत चुका आहेत, साबातचं ‘ताबात’ झालंय, बंगालमधल्या श्रीरामपूरचीही मोडतोड झाली आहे. पण नावं आहेत! जातीचा नमुना म्हणून नव्हे, कुणाचं कुटुंब म्हणून नव्हे, तर अमुक गावची अमुक डॉक्टर म्हणून. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या किती बायकांच्या फोटोखाली त्यांचं स्वतःचं नाव असेल, हा विचार केला की गळा दाटून येतो.

पुढच्या पिढीत एक निराळंच घडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नटलेल्या, सुंदर, आत्मविश्वासाने कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या मराठी स्त्रीचे फोटो लोकांच्या घरात आले, ते बालगंधर्वांचे. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि त्यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावलं. त्यांचं शालू नेसणं, दागिने, अंबाड्यातला गजरा यांचं अनुकरण कुलीन घरांतल्या बायका करायच्या. बाईने कॅमेऱ्यासमोर कसं बसावं, मान किती कलती ठेवावी, पदर कसा सोडावा, हे एका पुरुषाच्या फोटोवरून बायका शिकल्या. त्यांना स्वतःला आरशाबाहेर तसं बघायची मुभा नव्हती, मग दुसरं काय करणार!

धास्तीही पुष्कळ होती. फोटो काढला की आयुष्य घटतं, कॅमेरा अंगातलं तेज ओढून घेतो, ही समजूत शहरातही होती. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. 1895 मध्ये त्यांनी गोध्र्याला धंदा सुरू केला. प्लेगात पत्नी आणि मूल गेल्यावर ते बडोद्याला आले, आणि तिथे याच अफवेपायी त्यांचा स्टुडिओ नीट चालला नाही. ज्या माणसाने पुढे 1913 मध्ये हिंदुस्थानला पहिला कथापट दिला, त्याच्या कॅमेऱ्यापुढे बसायला लोक भीत होते. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हेही मूळचे स्टुडिओवाले. 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी चालत्या चित्रात पकडली. आपला सिनेमा स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतूनच बाहेर आला आहे.

एक फोटो स्टुडिओतला नाही, पण त्याच्याशिवाय हा लेख मला पुरा करता येणार नाही. फेब्रुवारी 1934, दादरचं राजगृह. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, मुलगा यशवंत, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि टॉबी नावाचा कुत्रा. बाबासाहेब खुर्चीवर आहेत, आणि रमाबाईही शेजारी खुर्चीवर. पुढच्याच वर्षी, मे 1935 मध्ये, रमाबाई गेल्या. जुन्या अल्बमांनी ज्या समाजांना नुसत्या जातीच्या नावाखाली छापलं, त्यांतल्याच एका घराचा हा फोटो, आणि त्यात एकही जण बिननावाचा नाही. कुत्र्याचंसुद्धा नाव लोकांनी जपलं आहे. बाबासाहेबांचा सुटाबुटातला फोटो आज ज्या असंख्य घरांत आहे, तिथे तो का आहे, हे या नावांच्या यादीकडे बघितलं की मला अधिक चांगलं कळतं.

जपून ठेवू म्हणून आश्वासन दिलेल्या त्या निगेटिव्हचं पुढे काय झालं? दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 मध्ये विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंचं नशीब एवढं थोर नव्हतं. दुकान बंद झालं की काचा धुऊन त्यावरचा थर काढायचा आणि कोऱ्या काचा दुसऱ्या फोटोंच्या चौकटींना लावायच्या, असं जगभर झालं, आपल्याकडेही झालं. धुतलेल्या काचेसोबत चेहरे गेले, आणि स्टुडिओच्या वह्या रद्दीत गेल्या तशी गिऱ्हाइकांची नावंही गेली. आता उरलंय ते घराघरातल्या ट्रंकांत, आणि सांगू शकतील अशा मोजक्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत.

आमच्या फोटोतली दुसरी उभी बाई कोण, हे मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, थोरल्या काकूच, नाकावरूनच कळतंय. धाकटे काका म्हणाले, छे, काकू तेव्हा कुठल्या, ही पणजोबांची बहीण, माहेरपणाला आलेली. दोघं तासभर भांडले. पुढे बसलेल्या मुलीबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं: तिचं नाव यमू, लग्नाआधीच देवीने गेली. मी मऊ पेन्सिलीने, पुठ्ठ्यावर ठसा उमटणार नाही अशी, मागे लिहून ठेवलं आहे. पणजीचं नाव, यमूचं नाव, आणि तिसऱ्या जागी दोन नावं, प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचं नाव. काकांचं म्हणणं आहे की रत्नागिरीच्या चुलत घरी याच फोटोची दुसरी प्रत आहे आणि तिच्यामागे बरंच काही लिहिलेलं आहे. त्यांना पत्र टाकलं आहे.